पाइपावरचे दोन ठोके

क्लिफर्ड स्टॅन्सफील्डनं आयुष्यात कधी घरात प्लंबरला पाऊल टाकू दिलं नव्हतं. उत्तर इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावच्या त्या चढावरच्या आळीत हा अब्रूचाच प्रश्न होता. साधा वायसर बदलायला कुणी बाहेरचा माणूस बोलावला, तर त्या घरच्या बाप्याला आठवडाभर पबमध्ये तोंड दाखवायची सोय उरत नसे. त्यातून क्लिफर्ड गिरणीत मागांचा जॉबर. चाळीस वर्षं बिघडलेले माग त्यानं नुसत्या हात लावण्यानं ताळ्यावर आणलेले. असा माणूस घरातल्या नळापुढे हात टेकणार होय? गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली, पण जॉबरकीचा ताठा काही गेला नव्हता.

घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरांचं सगळं पाणी दर तीन-चार वर्षांनी काढून टाकावं लागे. कधी एखादी चावी गळायची, कधी रेडिएटरला गंज धरायचा. अडतीस वर्षांत हे काम त्यानं नऊ-दहा वेळा केलं होतं आणि दर वेळी पबमध्ये सांगितलंही होतं, "एकहाती केलं. सकाळी सुरू केलं, दुपारी घर गरम."

एकहाती म्हणायचं म्हणजे, एनिड वरच्या मजल्यावर असायची. त्याची बायको. तिनं त्याच गिरणीत बत्तीस वर्षं विणकाम केलं. मागांच्या धडधडाटानं दोघांचेही कान अर्धे गेले होते, त्यामुळे समोरासमोर असले की दोघं ओठांवरूनच बोलणं ओळखायची. पण एक वर आणि एक खाली असलं, की ओठ कुठले दिसायला? म्हणून ठोके. क्लिफर्ड मागच्या दाराशी, सगळ्यात खालच्या तोटीला रबरी नळी लावून उकिडवा बसायचा आणि पाइपावर तळहात ठेवून वाट पाहायचा. वरून पाइपावर दोन ठोके आले, की तोटी सोडायची. ते ठोके तो कानांनी नाही, हातानं ऐकायचा. एनिड वर नेमकं काय करते, हे त्यानं कधी विचारलं नाही. रेडिएटरांखाली जुने टॉवेल पसरत असेल, असं तो धरून चालला होता. मग ती खाली यायची, चहा टाकायची आणि तास-पाऊण तासात पाणी आपसूक संपायचं. काम झालं की ती टॉवेल उचलायला म्हणून पुन्हा वर जायची, आणि रेडिएटर आपसूक भरायला लागायचे.

एनिड गेली त्याला येत्या फेब्रुवारीत दोन वर्षं होणार होती.

नोव्हेंबरात वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीतल्या रेडिएटरची चावी गळायला लागली. क्लिफर्डनं खाली वाडगं ठेवलं आणि कुणाला काही बोलला नाही. पण लीड्सला राहणारी मुलगी रोझलिन भेटायला आली, तिच्या नजरेतून ते वाडगं सुटलं नाही. तिला अजून गेल्या हिवाळ्याचा राग होता. तेव्हा बॉयलर विझला होता, आणि हे गृहस्थ अकरा दिवस ओव्हरकोट घालून झोपत होते. फोनवर मात्र रोज "झकास, झकास".

"डॅड, मी आता स्पष्टच बोलते," रोझलिन म्हणाली. "अ‍ॅशफील्डमध्ये एक खोली रिकामी झालीय. म्हाताऱ्या माणसांसाठीच बांधलंय ते. सोमवारपर्यंत कळवायचंय."

"म्हातारी माणसं राहतात तिथं."

"तू सत्त्याहत्तर वर्षांचा आहेस."

"म्हणून काय त्यांच्यात जाऊन बसू? दिवसभर टीव्हीसमोर, मांडीवर चादर घेऊन? माझं घर आहे मला."

"घर आहे, पण ते तुला झेपतंय का?"

"अगं, एक चावी गळतेय! पाणी काढायचं, नवी चावी बसवायची, पाणी भरायचं. शनिवारी दुपारपर्यंत काम खलास. अडतीस वर्षं काय तुझ्या अ‍ॅशफील्डवाल्यांनी येऊन केलं का ते?"

रोझलिननं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग म्हणाली, "ठीक आहे. रविवारी येते मी. घर गरम असलं आणि ती चावी कोरडी असली, तर अ‍ॅशफील्डचं नाव पुन्हा काढणार नाही. आईशप्पथ. पण तसं नसलं, तर सोमवारी आपण त्यांना हो म्हणायचं."

"मंजूर," क्लिफर्ड म्हणाला. पैज जिंकल्यासारखाच त्याचा चेहरा झाला होता.

शनिवारी आठ वाजता त्यानं बॉयलर विझवला. पाणी निवेपर्यंत ओटची लापशी खाल्ली, पाने काढून ओळीनं मांडले, नवी चावी खिशात घातली. मागचं दार उघडून रबरी नळी अंगणातल्या मोरीपर्यंत नेली. मग तोटीपाशी उकिडवा बसला आणि सवयीनं पाइपावर तळहात ठेवला.

आणि वाट पाहू लागला. पुरता एक मिनिटभर. कशाची वाट पाहतोय हे ध्यानात आलं, तेव्हा घरात कुणी नसूनही त्याला लाजल्यासारखं झालं. "मूर्खा, सोड की," असं स्वतःलाच म्हणून त्यानं तोटी सोडली.

पाणी काळंभोर आलं, गंजाचा वास सुटला. शेजारच्या ट्रेव्हरनं भिंतीवरून डोकं वर काढलं. ट्रेव्हर पूर्वी बस चालवायचा. आता निवृत्त होऊन दुसऱ्यांच्या अंगणावर नजर ठेवून असतो.

"काय क्लिफ, कालव्याला पाणी कमी पडलंय वाटतं?"

"तुझ्या बायकोच्या चहापेक्षा दाट आहे हे. कप आण, देतो."

"एकटाच करतोयस?"

"मग काय बँड लावून करू?"

"तसं नाही रे. वर कुणी लागलं तर... म्हणजे मी येऊ का घटकाभर? माझा गुडघा धड आहे अजून."

"एकट्यानंच करत आलोय. आजच काय मला शिंगं फुटलीत?"

ट्रेव्हर काहीतरी बोलणार होता. त्यानं भिंतीवरचं शेवाळ नखानं खरवडलं, "बरं बाबा," म्हणाला आणि आत गेला.

नऊ वाजले, दहा वाजले. पाणी वाहतच होतं. या कामाचा एक क्रम असतो. खालून पाणी जाऊ द्यायचं, ते मंदावलं की वर जाऊन एकेका रेडिएटरची हवा सोडायची, म्हणजे उरलंसुरलं निघतं. पण मंदावलं तर ना! काळं पाणी तपकिरी झालं, तपकिरीचं पिवळट झालं, आणि साडेदहाला तर नळीतून पिण्याजोगं स्वच्छ पाणी पडू लागलं. आता, अडतीस वर्षांच्या अनुभवी माणसाला इथं शंका यायला हवी होती. रेडिएटरांच्या पोटात स्वच्छ पाणी असतं कुठं? पण क्लिफर्ड खूष झाला. सगळा गाळ धुऊन निघाला, असं त्याला वाटलं. तहान लागली म्हणून त्यानं स्वयंपाकघरातल्या नळाखाली किटली भरली, आणि नळाला धार बारीक येतेय म्हणून पाणीखात्याच्या नावानं बोटंही मोडली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

अकराला त्याचा धीर सुटला. उद्या रोझलिन येणार. आता जे वाहतंय ते तळाचं पाणी असणार, वरचा मजला कधीच रिकामा झाला असेल, असा त्यानं हिशेब मांडला. वर गेला, मागच्या खोलीत गुडघे टेकले, आणि गळक्या चावीचा नट पान्यानं सैल केला.

रेडिएटर काठोकाठ भरलेला होता.

काळं पाणी थेट त्याच्या छातीवर आलं आणि तिथून गालिच्यावर. हा गालिचा एनिडनं पसंत केलेला, सायीच्या रंगाचा. क्लिफर्डनं दोन्ही हातांनी नट दाबून धरला. बोटांच्या फटींतून पाणी येतच होतं. बादली दाराशी, चार पावलांवर. टॉवेल कपाटात. हात सोडला तर सगळी खोली भिजणार. पाना घरंगळून पलंगाखाली गेलेला.

"एनिड!" तो ओरडला. "टॉवेल आण, टॉवेल!"

नंतर तो स्वतःशी कबूल करायचा, की त्या क्षणी ती गेली आहे हे तो खरोखर विसरला होता. हाक मारून तो दोन-तीन श्वास थांबलासुद्धा. जिन्यावर पाऊल वाजेल म्हणून नाही, ते त्याला तसंही ऐकू आलं नसतं. जिन्यावर कुणी आलं की पायाखालची फळी हलते, ती हलेल म्हणून. फळी हलली नाही. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, छातीपासून गुडघ्यापर्यंत काळा झालेला, रेडिएटरला मिठी मारून बसला होता, आणि त्या घरात त्याच्याशिवाय जिवंत असं काही नव्हतं.

शेवटी त्यानं पाय लांबवून पलंगाखालचा पाना ओढला आणि कसाबसा नट आवळला. पाणी थांबलं. तो तिथंच भिंतीला टेकून बसून राहिला. सोमवारी हो म्हणायचं. चादर घ्यायची मांडीवर.

उठायला आधार हवा म्हणून त्यानं कोपऱ्यातला उभा पाइप धरला, आणि त्याच्या हाताला कळलं. पाइप थरथरत होता. बारीक, एकसारखा. कान दगा देतील, पण जॉबरचा हात कधी खोटं सांगत नाही. या पाइपातून कुठूनतरी पाणी येत होतं, खाली जात होतं. त्यानं पाइपाच्या मागोमाग नजर वर नेली. पाइप छतात शिरला होता. वर माळा.

माळ्यावर एक छोटी टाकी आहे, हे त्याला ठाऊक होतं. रेडिएटरांत पाणी कमी पडलं की ती भरून काढते. पण माळ्याचं तोंड एवढंसं, आणि क्लिफर्डचे खांदे बैलाचे. घर घेतलं तेव्हापासूनच ती तिथं होती, आणि हा तिकडे कधी फिरकला नव्हता. आता म्हातारपणानं खांदे आक्रसले होते. तो शिडी लावून, अंग तिरकं करून, टॉर्च तोंडात धरून वर शिरला.

टाकीतला बॉलकॉकचा फुगा पार खाली लोंबत होता आणि तोटीतून भसाभसा पाणी पडत होतं. तीन तास हे चाललं होतं. खालून जेवढं जाई, तेवढं वरून भरत होतं. याच तोटीनं स्वयंपाकघरातली धार खाल्ली होती. फुगा वर बांधून ठेवल्याशिवाय हे घर कधीच रिकामं होणार नव्हतं, या जन्मात नाही. मग अडतीस वर्षं ते रिकामं होत कसं होतं?

त्यानं टॉर्च फिरवला. टाकीशेजारच्या तुळईला एक खिळा होता, आणि खिळ्याला लाकडी चमचा टांगला होता. लापशी ढवळायचा, लांब दांड्याचा. त्याच्या मधोमध लाल लोकरीचा फास बांधलेला. क्लिफर्डनं तो टाकीवर आडवा ठेवला. बरोबर बसला. दोन्ही काठांना त्याच्या खाचा पडलेल्या होत्या. लोकर फुग्याच्या दांड्यात अडकवली, फुगा वर उचलला गेला आणि तोटी बंद झाली. चमच्याचं टोक ठेचकाळलेलं होतं. टाकीखालच्या पाइपावर त्याच मापाची एक जागा चकाकत होती. ठोके तिथून येत होते.

टाकीपुढे गोणपाटाची घडी होती. तिला मधोमध दोन खळगे पडले होते, गुडघ्यांचे.

क्लिफर्डला शेवटची खेप आठवली. एनिड तेव्हा एकाहत्तरची. ठोके यायला बराच वेळ लागला होता. ती खाली आली तेव्हा तिच्या केसांत कोळिष्टक होतं आणि एक हात छातीवर. तो काय म्हणाला होता? "आज चहाला उशीर केलास." तेवढंच. ती हसली होती आणि किटली ठेवायला गेली होती. त्यानंतर चार महिन्यांत ती गेली. माळ्यावर चढल्यानं गेली असं डॉक्टर म्हणाले नव्हते, आणि तसं काही नसेलही. पण त्या दिवशी त्यानं तिला 'बस जरा' म्हटलं नव्हतं, हे आता कुणी पुसून टाकू शकणार नव्हतं. क्लिफर्ड गोणपाटावर, त्या खळग्यांच्या बाजूला गुडघे टेकून बसला आणि रडला. माळ्यावर रडायची एक सोय असते, कुणी बघत नाही. त्याला ती सोय नको होती.

मग त्यानं काम केलं. चाळीस मिनिटांत पाणी संपलं. वरची हवा सोडली, नवी चावी बसवली, आट्यांना टेप गुंडाळली. पुन्हा माळ्यावर जाऊन फास सोडला, पाणी भरलं, खालपासून वरपर्यंत एकेका रेडिएटरमधली हवा काढली. जिना त्यानं त्या दिवशी एकवीस वेळा चढला. चारच्या सुमाराला बॉयलर पेटला. गालिच्यावरचा डाग घासून घासून फिका झाला, पण गेला नाही. त्यावर त्यानं पलंग सरकवला.

रविवारी रोझलिन आली, आल्याचा केक घेऊन. दारातच तिनं कोट काढला, कारण घर गरम होतं. वर जाऊन तिनं चावीवरून बोट फिरवलं, कोरडं बोट बापाला दाखवलं. तिच्या डोळ्यांत खरंच आनंद होता, आणि थोडी सुटकाही.

"हरले मी," ती म्हणाली. "मानलं तुला, डॅड. सगळं एकट्यानं केलंस!"

एवढंच ऐकायचं होतं त्याला. नुसती मान हलवली असती तरी घर त्याचं होतं, अ‍ॅशफील्डचं नाव पुन्हा निघालं नसतं. अडतीस वर्षं ही मान हलवायची त्याला चांगली सवय होती.

"नाही," क्लिफर्ड म्हणाला, आणि त्यानं पलंग बाजूला ओढला. डाग चांगला परातीएवढा होता. "एकट्यानं मी हा डाग केला. पाणी काढायचं काम याआधी कधीच एकट्यानं केलं नव्हतं. तुझी आई वर जायची. माळ्यावर. चमचा घेऊन."

चमच्याचं रोझलिनला काहीच नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं, डॅड."

"ट्रेव्हरला?"

"ट्रेव्हरलासुद्धा. आईनं ताकीद दिली होती आम्हाला. म्हणायची, 'त्याची गिरणी गेली, आता एवढं तरी त्याचं एकट्याचं राहू दे.'"

क्लिफर्ड पलंगाच्या काठावर बसला. रोझलिन शेजारी बसली आणि तिनं त्याचा हात हातात घेतला. त्या हाताच्या रेषांतला काळा गाळ अजून निघाला नव्हता.

"राहा तू इथं," ती म्हणाली. "मी शब्द दिलाय. गालिच्याचं काय एवढं!"

"गालिच्याचं नाही गं. मी टॉवेलसाठी हाक मारली काल. कुणी आलं नाही." तो थांबला. "फोन कर त्यांना उद्या. हो म्हण."

जानेवारीत सामान हललं. गाडीत खुर्ची गेली, पेट्या गेल्या, लाल लोकरीचा चमचा मात्र मागं राहिला, कारण त्याचं एक काम बाकी होतं. थंडीत बंद घरात पाणी ठेवून चालत नाही, पाइप फुटतात. रोझलिन शिडीवरून माळ्यावर गेली. ती आईसारखीच बारीक, सहज शिरली.

क्लिफर्ड मागच्या दाराशी उकिडवा बसला. रबरी नळी मोरीपर्यंत नेली. भिंतीपलीकडे ट्रेव्हर उभा होता. क्लिफर्डनं पाइपावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

दोन ठोके आले.

त्यानं लगेच तोटी सोडली नाही. पाना उचलला, आणि पाइपावर उलट दोन ठोके दिले. अडतीस वर्षांत त्यानं वर उत्तर म्हणून कधी काही पाठवलं नव्हतं. हात पुन्हा पाइपावर ठेवून तो थोडा वेळ थांबला. मग त्यानं तोटी सोडली आणि पाणी जाताना बघत बसला.